वर टांगलेला स्वल्पविराम

तिसऱ्यांदा फोटो आला तेव्हा मी दुकानात उभ्या उभ्या पोहे खात होते. फोटोत पांढरी पाटी, तिच्यावर काळी अक्षरं: LOCKER'S. खाली प्राचार्य मॅडमचा मेसेज: "पुन्हा?"

मी प्लेट खाली ठेवली आणि फोटो मोठा करून पाहिला. R आणि S यांच्या मध्ये, वरच्या बाजूला, ते चिन्ह होतं. अ‍ॅपॉस्ट्रॉफी. वर टांगलेला स्वल्पविराम. आमच्याच फॉन्टचं, आमच्याच काळ्या रंगाचं, अगदी नीट सरळ चिकटवलेलं.

आदल्या संध्याकाळी याच पाटीचा फोटो आमच्या फिटरनं, नामदेवभाऊंनी, मला पाठवला होता. त्यात ते चिन्ह नव्हतं. दोन्ही फोटो मी शेजारी शेजारी ठेवले. तीच पाटी, तोच स्क्रू, तीच भिंतीवरची चुन्याची रेघ. एकीवर LOCKERS, दुसरीवर LOCKER'S. मधे फक्त एक रात्र गेली होती.

यवतमाळला आमचं पाट्यांचं दुकान आहे. मोठे फ्लेक्स माझा नवरा सुधाकर बघतो, रेडियमचं काम माझ्याकडे. रेडियम म्हणजे चिकट प्लास्टिकचा कागद. अंधारात चमकत वगैरे काही नाही, पण आमच्याकडे गाडीवरच्या नंबरापासून दवाखान्याच्या दारापर्यंत सगळ्याला रेडियमच म्हणतात. कॉम्प्युटरवर अक्षरं मांडायची. प्लॉटर नावाचं मशीन त्या कागदावर बारीक पात्यानं अक्षरांच्या कडा कापतं. नको असलेला भाग चिमट्यानं सोलून काढायचा. उरलेल्या अक्षरांवर एक टेप चढवायची आणि ती टेप जागेवर नेऊन पाटीवर दाबायची. टेप काढली की अक्षरं पाटीवर राहतात.

या कामात मोठी अक्षरं त्रास देत नाहीत. त्रास देतात ती बारकी चिन्हं. अनुस्वार, पूर्णविराम, स्वल्पविराम. सोलताना कचऱ्याबरोबर जातात, वाटेत टेपवरून निसटतात. मग गिऱ्हाईक फोन करतं की आमच्या 'संस्थे'चं टिंब कुठे गेलं. यावर मी एक नियम केला होता. प्रत्येक शीटच्या खालच्या कडेला राखीव चिन्हांची एक ओळ कापायचीच आणि ती टेपच्या कडेवर बरोबर पाठवायची. चार अनुस्वार, चार पूर्णविराम, चार स्वल्पविराम, चार अ‍ॅपॉस्ट्रॉफी. लागली तर लावायची, नाही तर फेकायची. मशीनच्या वर मी ज्या सूचना लिहून लावल्यात, त्यात हा नियम बऱ्यापैकी वर आहे. या नियमाचा मला अभिमानही होता.

पांढरकवड्याला एक नवी इंग्रजी शाळा झाली. तिच्या पाट्यांचं काम आम्हाला मिळालं. पांढऱ्या सनमायकाच्या पाट्या त्यांनी सुताराकडून करून भिंतींवर बसवून घेतल्या होत्या. आम्ही फक्त अक्षरं लावायची. प्राचार्य मॅडम नागपूरच्या, पन्नाशीच्या, कडक. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं, "मिसेस गावंडे, स्पेलिंगची चूक मी एक वेळ समजून घेईन. अ‍ॅपॉस्ट्रॉफीची नाही. आपल्याकडे त्याचा नुसता रोग झालाय."

ते खरंच होतं. यवतमाळच्या बाजारात तुम्ही वर बघत चाललात तर TAILOR'S, SWEET'S, TYRE'S असं सगळं दिसतं. शेवटी s आला की आधी ते चिन्ह मारायचं, अशी रीतच पडली आहे. जसं लग्नपत्रिकेत कुठेही गणपती.

म्हणूनच मी शुभांगीला हे काम दिलं. शुभांगी राठोड, घाटंजीकडच्या एका तांड्यावरची मुलगी. इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली. शिक्षिकेच्या नोकरीसाठी बरीच फिरली, कुठे जमलं नाही, मग आमच्याकडे ऑपरेटर म्हणून आली. रोज एस.टी.नं येते-जाते. तांड्यावरून इंग्रजीत एम.ए. झालेली ती पहिलीच. घरी लोक विचारत, एवढं शिकून काय करते? ती सांगे, इंग्रजीचं काम आहे. आमच्या दुकानात येणारं इंग्रजी म्हणजे 'नो पार्किंग' आणि 'पुश-पुल'. शाळेचं काम आलं तेव्हा ती पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसली.

तिनं मला नियम समजावून सांगितला, तो माझ्या समजुतीप्रमाणे असा. मराठीत आपण मालकी दाखवायला चा-ची-चे लावतो. इंग्रजीत ते काम हे चिन्ह आणि s मिळून करतात. TEACHER'S म्हणजे एका शिक्षकाचं. शिक्षक पुष्कळ असतील तर s आधीच लागलेला असतो, म्हणून चिन्ह त्याच्या नंतर: TEACHERS' ROOM. आणि नुसतेच पुष्कळ असतील, कोणाची कशावर मालकी सांगायची नसेल, तर चिन्ह अजिबात नाही. VISITORS म्हणजे पाहुणे. संपलं. MEN आणि CHILDREN हे मुळातच अनेक, म्हणून तिथे पुन्हा s च्या आधी: MEN'S, CHILDREN'S.

"लक्षात कसं ठेवायचं?" मी विचारलं.

"आधी विचारायचं मॅडम, कोणाचं काय? उत्तर आलं तर चिन्ह. नाही आलं तर नाही."

मला हे आवडलं. मी ते मशीनच्या वर लिहून लावलं.

पहिल्या खेपेला नामदेवभाऊ बऱ्याच पाट्यांची अक्षरं घेऊन गेले आणि दिवसभरात काम करून आले. वरच्या मजल्यापासून सुरुवात करून खाली फाटकापर्यंत. त्यांनी प्रत्येक पाटीचा फोटो पाठवला. शुभांगीनं आणि मी ते फोटो प्रूफशी ताडून पाहिले. सगळे बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्य मॅडमचा फोन. फाटकाजवळच्या खोलीवर VISITOR'S लागलंय.

मी म्हटलं, असं होणार नाही. त्यांनी फोटो पाठवला. झालं होतं.

एवढंसं चिन्ह आहे, नखानं निघेल, असं मी सुचवलं. त्यांच्या शिपायानं ते ब्लेडनं काढलं, त्याबरोबर अर्धा S पण काढला. मग सगळाच शब्द नव्यानं कापावा लागला. नामदेवभाऊ त्या एका शब्दासाठी पांढरकवड्याला जाऊन आले. फोटो पाठवला, तो बरोबर. दुसऱ्या दिवशी पुन्हा VISITOR'S.

आता मी रीतसर तपासायला बसले. फाइल उघडली. VISITORS. शुभांगी कापते त्या प्रोग्राममध्ये आपोआप दुरुस्ती करण्याची सोय असते, ती बंद होती. उरलेला कापलेला कागद मी कचऱ्याच्या टोपलीतून काढून खिडकीशी धरला. शब्दाच्या जागी शब्दाची भोकं होती, मधे चिन्हाचं भोक नव्हतं. म्हणजे मशीननं ते शब्दात कापलंच नव्हतं.

सुधाकर म्हणाला, "अगं, गावभर तसंच लिहितात. म्हणजे तसंच बरोबर असेल. त्या बाई उगाच."

मी म्हटलं, गावभर लोक उलट्या बाजूनं गाडी घालतात.

"मग शाळेतलंच कोणी पोर करत असेल."

हे मला पटलं. नामदेवभाऊंचा संध्याकाळचा फोटो बरोबर आणि मॅडमचा सकाळचा चूक, याचा दुसरा अर्थ काय? मी ते शक्य तितक्या नरम शब्दांत प्राचार्य मॅडमच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या की शाळा अजून भरायचीच आहे, आत एकही मूल नाही, शिपाई आहे तो चष्मा नसला तर पाटीच वाचू शकत नाही, आणि माझ्या मुलांवर ती यायच्या आधीच आरोप करू नका.

तिसऱ्या खेपेला आम्ही VISITORS पुन्हा कापला आणि त्याबरोबर वरच्या मजल्याच्या राहिलेल्या काही पाट्याही दिल्या. मी नामदेवभाऊंना बजावलं, आधी फाटकाजवळचा VISITORS लावा, तोच भानगडीचा आहे. त्यांनी तसंच केलं. आणि सकाळी, पोहे खाताना, तो फोटो आला.

VISITORS बरोबर होता. दोनदा बिघडलेला शब्द आता ठीक होता, आणि कालच पहिल्यांदा लावलेल्या LOCKERS वर चिन्ह आलं होतं.

मी लगेच फोन लावला. प्राचार्य मॅडम आवाज न चढवता बोलल्या. ते जास्त वाईट असतं. सोमवारी शाळेच्या मान्यतेसाठी कमिटी येणार होती. शाळेतली सगळी कागदपत्रं, प्रयोगशाळा, खिडक्या, सगळं ते लोक बघणार. "आणि त्यांनी वर मान केली तर त्यांना इंग्रजी शाळेच्या भिंतीवर काय दिसणार आहे, मिसेस गावंडे? तुमच्याकडे हे कोण करतं?"

मी सांगितलं की ऑपरेटर आहे, चांगली आहे, इंग्रजीत एम.ए. आहे.

"मग एम.ए. कुठून केलंय ते विचारून घ्या. शनिवारपर्यंत मला सगळं बरोबर हवंय. आणि यापुढे आमचं काम तिच्या हातून नको. तिला ठेवायचं असेल तर तुमची मर्जी. मग आमचं काम दुसरीकडे जाईल."

फोन स्पीकरवर नव्हता. पण दुकान लहान आहे आणि मॅडमचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. शुभांगी मशीनजवळ पाठमोरी उभी होती. तिचा चिमटा थांबला होता.

सुधाकर दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाला की मुलगी चांगली आहे, पण शाळेचं काम हातचं जायला नको, तिला काही दिवस घरी बसव. पुढे बघू. आमच्या धंद्यात 'पुढे बघू' म्हणजे काय ते शुभांगीलाही कळतं. मी म्हटलं, चूक कोणाची ते आधी कळू दे. तो म्हणाला, इंग्रजीची चूक आहे, इंग्रजी येणारी आपल्याकडे एकच आहे. हिशेब सरळ होता. मलाही त्यात खोट सापडली नाही.

वाईट असं की शुभांगीलाही सापडली नाही.

संध्याकाळी ती घरच्यांशी फोनवर बोलत होती, गोरबोलीत, त्यांच्या बंजारा बोलीत. मला त्यातलं 'याडी' एवढंच कळलं, म्हणजे आई. मग ती माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, मी शनिवारपासून नाही येत."

"का?"

"मीच चुकून राह्यली असन."

"फाइल बरोबर आहे शुभांगी. मी स्वतः बघितली."

"तुम्ही बघता तेव्हा बरोबर असते. मी बघते तेव्हाही. पण तिथं जाऊन चूक होते, म्हणजे कुठं तरी मीच करत असन आणि मला दिसत नसन. मॅडम, खरं सांगू का? एम.ए.ला आम्हाला कादंबऱ्या होत्या. हे चिन्ह पाचवीत झालं, त्यानंतर कोणी विचारलंच नाही. काल बसमधून येताना मी सगळ्या पाट्या वाचत आली. पार यवतमाळपर्यंत. सगळ्यांनी लावलंय. मला वाटलं, एवढे सगळे चुकतील का?"

तिचं पुस्तक टेबलावर उघडं होतं. शाळकरी व्याकरणाचं, बारक्या भावाचं असावं. त्यातल्या सोप्या सोप्या वाक्यांखाली तिनं पेन्सिलनं रेघा मारल्या होत्या.

नोकरी जाण्यापेक्षा मला ते जास्त लागलं. एवढी तिच्या हातातली एक खरी गोष्ट, आणि तीच तिला आता खोटी वाटायला लागली होती. मी म्हटलं, शनिवारी नामदेवभाऊंबरोबर मी स्वतः जाते. शेवटचं अक्षर लागेपर्यंत शिडीखाली उभी राहते. तोपर्यंत तू कुठे जायचं नाहीस.

नामदेवभाऊंबद्दल सांगायचं राहिलं. साठीला आलेले, बारीक अंगाचे. फ्लेक्स येण्याआधी ते ब्रशनं पाट्या रंगवायचे. कळंबपासून पांढरकवड्यापर्यंतच्या रस्त्यावर एके काळी त्यांच्या हातच्या पाट्या होत्या. इंग्रजी अक्षरं ते काढायचे ती चित्र काढल्यासारखी, उतरवून. वाचता येत नाही. म्हणूनच त्यांच्यावर कोणाचा संशय गेला नाही. ज्याला इंग्रजी येत नाही तो इंग्रजीची चूक कशी करणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मीही. त्यांना मी फक्त एवढंच विचारलं होतं की भाऊ, तुमच्या समोर कोणी पाटीला हात लावला का. ते म्हणाले, "नाही ना जी. मी शिडीवर असतो, माह्यासमोर कोण हात लावीन?" तेही खरंच होतं.

शनिवारी आम्ही गेलो. शुभांगीनं आदल्या दिवशी, भर दुपारी, माझ्या समोर LOCKERS नव्यानं कापला होता. मी सोललेला कागद ताडला, टेप लावलेली अक्षरं ताडली, त्यावर सही केली. त्याशिवाय एक पाटी राहिली होती, शाळेतली एकुलती एक मराठी पाटी: ग्रंथालय. संस्थेच्या अध्यक्षांचा आग्रह की निदान पुस्तकांच्या खोलीवर तरी मराठी असू द्या. तीही बरोबर घेतली.

पोचलो तर प्राचार्य मॅडम वरच्या मजल्यावर वाटच बघत होत्या. त्यांनी नमस्कार केला, खुर्ची मागवली, पण बसल्या नाहीत. आम्ही दोघी शिडीच्या खाली उभ्या राहिलो. नामदेवभाऊंना दोन बायकांच्या देखरेखीखाली काम करायची सवय नव्हती. वर चढताना ते म्हणाले, "लगनाच्या नवरदेवाकडंही एवढं कोणी पाहत नाही."

जुना शब्द काढला, पाटी पुसली, नवा LOCKERS दाबला, टेप सोलली. मी फोटो काढला. मॅडमनी फोटो काढला. चिन्ह नाही. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज तुम्ही उभ्या आहात म्हणून." मलाही तेच वाटत होतं.

मग ग्रंथालय. अक्षरं लागली, टेप निघाली. नामदेवभाऊंनी मान मागे करून पाहिलं, फोटो काढला, मोबाइल खिशात ठेवला. आता शिडी उचलायची. पण ते उतरले नाहीत. टेपच्या खालच्या कडेवरून, माझ्या राखीव ओळीतून, त्यांनी नखानं काहीतरी उचललं. बोटाच्या टोकावर घेतलं. आणि 'य'च्या डाव्या खांद्याशी हलकेच टेकवून अंगठ्यानं दाबलं.

मी वर बघितलं. ग्रंथालय या शब्दात, ल आणि य यांच्या मध्ये, एक अ‍ॅपॉस्ट्रॉफी होती.

काही क्षण मला खरोखर काही कळेना. इंग्रजीत चुकीची म्हणून जिच्यासाठी आम्ही इतके दिवस भांडत होतो, ती मराठीत चूक की बरोबर हे ठरवायला माझ्याकडे काही नियमच नव्हता. मॅडमनीही चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"नामदेवभाऊ," मी म्हटलं, "हे काय लावलं?"

"तीट."

"काय?"

"तीट ना जी. नव्या लेकराले लावतो तशी. एवढं साफ काम, कोणाची नजर लागन."

तान्ह्या मुलाला न्हाऊ घातल्यावर कपाळाच्या कडेला काजळाचं बोट टेकवतात, ती तीट. मूल फार देखणं दिसू नये, बघणाऱ्याची नजर त्या काळ्या ठिपक्यावर जावी आणि मुलाला लागू नये म्हणून. हे नामदेवभाऊंनी प्राचार्य मॅडमना शिडीवरूनच समजावलं. गरज नव्हती. त्यांना माहीत होतं.

मी त्यांना खाली बोलावलं आणि विचारत गेले. त्यांनी सगळं सरळ सांगितलं, लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटतच नव्हतं. ब्रशच्या काळापासूनची त्यांची रीत. उस्तादानं शिकवलेली. दिवसाचं काम संपलं की शेवटच्या पाटीच्या शेवटच्या अक्षराशी ब्रशचा एक ठिपका. प्रत्येक पाटीला नाही, शेवटच्या एकीला. घरातल्या एका लेकराला लावली की पुरते.

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. पहिल्या दिवशी शेवटची पाटी फाटकाजवळची होती, VISITORS. दुसऱ्या खेपेला ती एकच पाटी होती, म्हणून तीच शेवटची. तिसऱ्या खेपेला मीच तिला आधी लावायला सांगितलं, म्हणून ती वाचली आणि तीट LOCKERS ला गेली. फोटोत कधी दिसली नाही, कारण फोटो कामाचा असतो आणि तीट काम झाल्यावर लावतात.

"आणि हीच काहून घेतली, शेपटीवाली? गोल ठिपके पण होते ना," मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझंही 'का'चं 'काहून' होतं.

"गोल म्हणजे टिंब वाटते. हे बोटानं लावल्यावानी दिसते, काजळाचं. आणि तुमीच तर ठेवता ना जी टेपवर, दर खेपेले. मले वाटलं, तुमाले माहीत हाय."

दर खेपेला, चार-चार, मीच ठेवत होते. नियम म्हणून.

प्राचार्य मॅडम एक पाऊल पुढे आल्या. आता म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आजवर इंग्रजी पाट्यांना पण हे लावलंत?"

"लावलं ना. ब्रशनं होतो तवापासून."

"या रस्त्यावरच्या?"

"यवतमाळच्या बी."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांच्याकडे. बाजारातला रोग सगळा नामदेवभाऊंनी लावला असं मी म्हणणार नाही, तेवढ्या पाट्या एका माणसाच्या हातून होत नाहीत. पण त्या दिवसानंतर गावात TAILOR'S दिसलं की मी एकदा थांबून बघते, शेवटच्या अक्षराशी आहे का, आणि ओळीतली शेवटची पाटी आहे का.

मी नामदेवभाऊंना सांगितलं की इंग्रजीत त्या ठिकाणी त्या आकाराला वेगळा अर्थ आहे. त्यापायी शुभांगीवर बोल आला, तिची नोकरी जायची वेळ आली. हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. शुभांगी त्यांना चहा आणून देणारी, त्यांच्या मुलीसारखी. "माह्यापायी?" एवढंच म्हणाले. मग शिडीवर चढून, ब्लेडनं नाही, नखानं, ती तीट उचलून घेतली. 'य'ला धक्का लागला नाही.

"आता इथं काही नाही लावत," ते वरूनच म्हणाले. "पण सोमवारी लोकं येऊन राह्यले म्हंता पाहाले. बिनतिटीची शाळा."

व्हरांड्यात नव्या रंगाचा वास होता. प्राचार्य मॅडमनी एकदा ग्रंथालयाच्या पाटीकडे पाहिलं, एकदा लांबपर्यंत गेलेल्या कोऱ्या व्हरांड्याकडे. दोन वर्षं त्यांनी या इमारतीत घातली होती.

"पाटीच्या वरच्या कडेला नाही लावता येणार? कोणाला दिसणार नाही अशी?" मी मधला मार्ग काढला.

"दिसाव लागते ना ताई. नजर तिच्यावर गेली पाहिजे. दिसलीच नाही त कायची तीट?"

खरं तर तीट चोख काम करत होती. इतक्या पाट्यांमधून मॅडमची नजर दर वेळी बरोबर तिच्यावरच गेली होती.

"खालच्या कोपऱ्यात लावा," प्राचार्य मॅडम म्हणाल्या. आवाज तोच, वर्गातला. "उजवीकडे. अक्षरांपासून चार बोटं लांब. गोल. शेपटी नको." आणि जिन्याकडे वळताना: "मिसेस गावंडे, त्या मुलीला सांगा, सोमवारच्या आत पुन्हा सगळ्या पाट्या तिनं येऊन वाचून जाव्यात. ती वाचेल तेच बरोबर."

मी खाली जाऊन शुभांगीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे VISITORS बरोबर होतं," ती म्हणाली.

"पहिल्यापासून."

"आणि LOCKERS पण."

"ते पण."

"कोणाचं काय, याचं उत्तर नव्हतं ना मॅडम. मग चिन्ह नाही." मग ती हसली, आणि मधेच थांबून म्हणाली, "नामदेवभाऊंना कोणी बोललं तर नाही ना?"

रविवारी ती तिकडे जाऊन सगळ्या पाट्या वाचून आली. सोमवारी कमिटी आली. पाट्यांबद्दल कोणी एक अक्षर काढलं नाही. एका सदस्यानं MEN'S कुठे आहे विचारलं, आणि पाटी बघून तो बरोबर तिथे पोचला. मान्यता मिळाली. शाळेचं पुढचं काम आमच्याकडेच आहे आणि त्याची प्रूफं शुभांगीच्या सहीशिवाय मॅडम घेत नाहीत.

मशीनवरच्या सूचनांत मी दोन बदल केले. राखीव ओळीतून अ‍ॅपॉस्ट्रॉफी काढून टाकली. लागलीच तर नवी कापायला मिनिट लागत नाही. तिच्या जागी एक गोल ठिपका घातला, आणि समोर लिहिलं: तीट, एक नग, खालचा उजवा कोपरा. सुधाकरनं ते वाचून विचारलं की याचं बिल कशात लावायचं. मी सांगितलं, फिटिंगमध्ये.

धडा एवढाच. चूक इंग्रजीची दिसली म्हणून आम्ही इंग्रजी येणाऱ्याकडे बोट दाखवलं. आता काही बिघडलं की मी आधी विचारते, शेवटचा हात कोणाचा लागला. बहुतेक वेळा तो हात काळजीनंच लागलेला असतो.